दिल्ली की पुणे
शेजारच्या आजोबांना चोळायचं औषधी तेल तापत ठेवलं, की त्याचा उग्र वास जिन्यात येतो आणि मला भोपाळच्या आमच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. बाबा तेव्हा गोविंदपुऱ्याच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि आईला लकवा होऊन चार महिने झाले होते. तिचं बोलणं जवळजवळ बंद होतं. त्याच आठवड्यात मला अभिनयाच्या पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणांहून प्रवेशाची पत्रं आली, एक दिल्लीहून, एक पुण्याहून. बाबा म्हणाले, "पुण्याला निदान मावशी आहे. पण घरी हे असं..." आणि डबा घेऊन सेकंड शिफ्टला निघून गेले. कूलर घरघरत होता. आईच्या पायाला तेल लावता लावता मी तिला दोन्ही पत्रं वाचून दाखवली आणि विचारलं, "आई, दिल्ली की पुणे? की जाऊच नको?" तिचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. मग कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावून ती म्हणाली, "जा." मी विचारलं, "कुठे?" तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पुन्हा म्हणाली, "जा." ती दमली असेल, मला खोलीतून जायला सांगत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, बाहेर आले आणि दोन्हीकडे नकार कळवला. आई त्यानंतर तीन वर्षं होती, थोडंफार बोलायलाही लागली. तरी त्या दुपारबद्दल मी तिला कधीच विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल याचीच मला भीती होती, हे आता या वयात कबूल करते.