दत्तारामकाकांची आगगाडी

आमच्या चित्रकार मंडळींचे किस्से मुद्दाम आठवावे लागत नाहीत. रविवारी बोईसरच्या शाळेच्या वर्गात आम्ही रंग घेऊन बसलो, की एखादा घडतोच. मागचा सांगून होईपर्यंत पुढचा तयार! त्यात यंदा विषय असा, की किस्स्यांना तोटाच नव्हता. कोळशाच्या इंजिनाची आगगाडी आपल्या भागात पहिल्यांदा आली, तेव्हा कशी दिसली असेल? प्रत्येकाने एक चित्र काढायचं आणि शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं.

आमच्यात वयाने सगळ्यात थोर सफाळ्याचे दत्तारामकाका. त्यांची सगळी हयात कारखान्यांचे बोर्ड रंगवण्यात गेली. 'धोका', 'धूम्रपान मनाई' वगैरे. आता हात थरथरतो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ह्यं माजं शेवटचं मोठं काम. बगणाऱ्याला वाटलं पायजे, गाडी आली! नाय वाटलं, तर ब्रश कायमचा धुवून ठेवीन."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

*

बोर्ड रंगवणारा माणूस आधी खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारतो. सरळ रेघ उमटते आणि तिच्यावर अक्षरं बसतात. काकांनी आठ फुटी प्लायवुडवर रूळही तसेच मारले! खालपासून वरपर्यंत दोन्ही रेघा सारख्याच अंतरावर. गाडी शिडी चढत असल्यासारखी दिसायला लागली.

मी भीत भीत म्हणालो, "काका, रूळ लांब जातात तसे जवळ जवळ येतात ना?"

"जवळ आले तर गाडी पडंल नाय का?"

शेवटी त्यांना सफाळ्याच्या फलाटाच्या टोकाला नेऊन उभं केलं. काकांनी एक डोळा मिटून बोटांनी रुळांमधलं अंतर मापलं. मग हळूच म्हणाले, "आयला! खरंच येतात रे. जल्म गेला हितं, कदी दिसलंच नाय."

मला त्यांचा हेवा वाटला. त्या वयात रोजची गोष्ट पहिल्यांदा दिसणं किती जणांच्या वाट्याला येतं?

वर्गात परत येऊन त्यांनी रूळ पुसले आणि नवे काढले. लांबवर नखाएवढ्या अंतरात, आणि पुढे येता येता इतके रुंद, की थेट बघणाऱ्याच्या पायांपर्यंत.

*

यादवजी एका कारखान्यात बॉयलर चालवतात. ते चित्रं काढत नाहीत. चहा आणतात आणि चुका काढतात.

काकांनी इंजिनाला डांबरासारखा काळाकुट्ट धूर दिला होता. यादवजींनी कप खाली ठेवला. "काका, इतना काला धुआँ? इस फायरमन की तो नौकरी जाएगी!"

फायरमनने इंजिनाच्या भट्टीत कोळसा नीट जाळला तर धूर करडा निघतो म्हणे. काकांनी निमूटपणे पांढरा रंग घेतला आणि फायरमनची नोकरी वाचवली.

*

धूर करडा झाला, तर दांडी गावचा हरेश्वर आला. हा आठवडाभर बोटीवर असतो आणि रविवारी इथे येऊन पुन्हा समुद्रच रंगवतो!

"काका, माड हिकडं वाकलेत नि धूर तिकडं चाललाय. तुमच्या चित्रात वारे दोन हायत का?"

काका भडकले. "तुमी मला गाडी काडायला बसवलंय का चालवायला?"

पण पुढच्या रविवारी धूर माडांच्या बाजूला वळलेला होता.

*

मग गर्दी आली. रुळांच्या दोन्ही बाजूंना टोपल्यावाल्या बाया, शेतकरी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. सगळे पाठमोरे, एकालाही चेहरा नाही!

"थरथरत्या हातानं नाक-डोळे जमत नाय," काका म्हणाले.

मुख्याध्यापक चित्र बघून घुटमळले. "लोकांना अर्धवट वाटेल हो. बाजूच्या भिंतीला लावू या का?"

काका रंगाचे डबे आवरायला लागले, ते बघवेना. आम्ही भांडलो आणि चित्र समोरच्या भिंतीला, जमिनीवर टेकवून उभं केलं.

*

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला. लोक यायचे, "छान आहे" म्हणायचे, सेल्फी काढायचे आणि पुढे जायचे. काका चित्राशेजारी उभे होते. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "गाडी काय आली नाय रे. धुतो आता ब्रश."

तेवढ्यात माकुणसारच्या भानुबाई आल्या. त्यांचे यजमान रेल्वेच्या फाटकावर होते, कोळशाच्या इंजिनांच्या दिवसांत. ते जेवायला बसले की लोकांना अडवायला या उभ्या राहायच्या. आता नजर अंधूक झालीय. नातीने हाताला धरून त्यांना काकांच्या चित्रासमोर आणलं.

भानुबाई थांबल्या. खाली पायाशी रूळ होते, पुढे ती पाठमोरी माणसं, आणि मधून येणारं इंजिन. त्यांनी नातीचा हात सोडला. पुढे गेल्या, चित्राकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात आडवे पसरले.

"मागं व्हा! सगळी मागं व्हा! आली ती!"

अख्खा हॉल मागे सरला. मुख्याध्यापक, यादवजी, हरेश्वर, मी.

सगळ्यांच्या आधी सरले दत्तारामकाका!