पल्याडच्या बांधावरची हाळी

साल २०२२. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. गाव कळस, तालुका इंदापूर. शाळा तिसरीतच सुटली आणि मेंढरांमागं गेलो, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर तुमचं तुम्ही नीट करून वाचा. पण एक आधीच सांगतो — भूत, झपाटणं, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. मसणवट्याला लागून मेंढरं बसवून तिथंच घोंगडं पांघरून झोपलेला माणूस आहे मी. लांडगा बघितलाय, भूत नाही बघितलं.

आता मेंढरं गेली, ऊस आला. पण बिरोबाच्या जत्रेत ओव्या म्हणायचा मान आमच्याच घरात. ओवी एकट्याची नसते... पुढच्यानं ओळ टाकायची, मागच्यानं ती उचलायची. पुढं मी. मागं माझे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे मालक, डाळजचे.

गाण्याआधी गळा मोकळा करायची आमची रीत निराळी. पेटी नाही, सूर नाही. मेंढरांना लांबून बोलवायची हाळी असते ना, तीच. मी उसाच्या अल्याडच्या बांधावर, दाजी पल्याडच्या. मी हाळी सोडायची, दाजींनी ती उचलून माघारी धाडायची. कच्ची गेली तर तिकडून ओरडायचे, "सिद्या, गळा हाय का फुटकी घागर? परत!" दाजींना एक खोड होती — माझी हाळी संपायच्या आधीच उचलायचे. उभा जन्म सांगितलं, सुधारले नाहीत.

त्या उन्हाळ्यात दाजी गेले. मी सांगून टाकलं, औंदा गाणार नाही.

ढोलवाला तुकाराम घरी आला. "आबा, माझा भाचा उभा करतो की मागं. तयार गळा हाय."

"मागं माणूस लागतो तुक्या, खांब न्हाय."

"मग मान जाईल दुसऱ्याकडं."

"जाऊ दे."

मग आक्काचा फोन. "सिद्या, गाणार न्हाईस म्हणं?"

"न्हाय."

"मग माझ्या दारात येऊ नगं. मालक गेलं ते गेलं, आता त्यांची ओवीबी तू बंद पाडणार व्हय?" आणि फोन ठेवला. आई गेल्यापासून मला त्या एकाच दाराची सवय. आक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलंय... आता काय करायचं?

जत्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर गेलो बांधावर. एकटाच. पल्याड कुणाला उभं राहू दिलं नाही. पहिली हाळी सोडली — निम्म्यातच फाटली. कित्येक महिने गळ्यातून काही काढलंच नव्हतं. दुसरी त्याहून वाईट. मनात म्हटलं, झालं, आक्काचं दार बंद. तिसरी सोडली, तीही मधेच तुटली...

आणि जिथं तुटली तिथून पल्याडनं कुणीतरी उचलली.

घाईनं. माझी संपायच्या आधी. उसावरून आली, भरलेली, मोकळी.

तुम्ही म्हणाल, आवाज घुमला असेल. माळावर घुमतो, मला ठाऊक आहे. पण घुमून येतो तो आपलाच तुटका आवाज. हा तुटलेल्याच्या पुढून चालू झाला. मी परत हाळी दिली. परत उचलली. किती वेळ चाललं सांगता येत नाही, पण माझा गळा लागला. मग मी उसाला वळसा घालून पल्याड गेलो. बांधावर बगळे निवांत बसलेले. मला बघून उडाले.

माघारी आलो तर आमची मंडळी बांधाकडं येत होती, गूळ-सुंठीचं गरम पाणी घेऊन. हातात दोन पेले.

"अवो, पावणं कुठं हायती? गार हुईल..." म्हणाली, आणि जागीच थांबली. तोंडाला पदर लावला. "दोघांचं ऐकलं वो मी अंगणातनं. म्हणून दोन भरलं."

एक पेला मी प्यालो. दुसरा तिनं बांधावर ठेवला.

संध्याकाळी ओव्या झाल्या. तुक्याच्या भाच्याला मागं घेतला. बरा म्हणतो. पण तो घाई करत नाही, त्यामुळं मीच दोनदा अडखळलो.

मुलगा म्हणतो, मनाचे खेळ असतात आबा. असतील बाबा. पण दोघांच्या मनानं एकाच वेळी एकच खेळ कसा मांडला, ते त्यानं सांगावं. मला तेव्हा उमगलं नाही, आज पण नाही. आणि भूत मी आज पण मानत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं डाळज गाठलं. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. सगळं सांगितलं. ती फोडतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "धाप लागत हुती का रं त्यांना?"

शेवटी शेवटी दाजींना दोन शब्द बोलले तरी धाप लागायची. रात्र रात्र ती पाठ चोळत बसलेली.

"न्हाय आक्का. एका दमात आली, पल्याडनं अल्याड."

तिनं सूप बाजूला सारलं. "म्हणून दाखव. त्यांच्यावानी."

मी आयुष्यात कधी मागं गायलो नव्हतो. टोपी सारखी केली, ओट्यावर उभा राहिलो आणि शेजारपाजार बघत असताना दाजींची हाळी दिली... घाईनं.