पलटणवाल्याचं नाव

बदनापूर स्टेशनावर आई पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, रुळांकडे बघत उभे होते. मला चाकणला कंपनीत नोकरी लागली होती. गाडी हलली तेव्हा ते एवढंच बोलले, "पलटणवालाबी गाव सोडून गेल्ता. पर वापस आल्ता."

पलटणवाला म्हणजे दादांचे पणजोबा. मेंढरं राखणारा हा माणूस निजामाच्या काळात जालन्याच्या छावणीत शिपाई झाला. अधू पाय घेऊन परतला आणि माळावरचे दगड वेचून त्यानं वावर केलं. त्या दगडांचा बांध अजून उभा आहे. माणसाचं नाव मात्र पलटणीनं गिळलं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

गाव सोडलेल्या आणि गावातच राहिलेल्या माझ्या माणसांनो, मला तरी या नावाचं कुठं काय पडलं होतं? फ्लॅट, शिफ्ट, मुलीची शाळा यांत वर्षं गेली. मग दादांचं दुखणं वाढलं आणि एक दिवस त्यांचा फोन आला.

पितृपक्षात आमच्याकडे निखाऱ्यावर घास ठेवून पितरांना जेवू घालतात. घास ठेवणाऱ्यानं बाप, आजा आणि पणजा अशी तीन नावं घ्यायची. चौथा सुटतो. दादा म्हणाले, "माझ्यामागं तू घास ठेवशील, तव्हा तुझ्या तिघांत त्यो बसत न्हाई. मी हाय तवरच त्याचा घास. आन् जलमभर मी त्याला पलटणवाला म्हणून बोलवून राह्यलो. नावाबिगर कसा येईल त्यो?"

आवाज इतका खचलेला होता की मी रजा टाकून निघालो. तहसिलात गेलो, तर जुने कागद उर्दूत, तेही वाळवीनं खाल्लेले. भावकीत विचारलं, तर जो तो पलटणवाल्याच्या शौर्याच्या गोष्टी सांगायचा आणि नावापाशी अडायचा. शेवटी दादांच्या आत्याकडे गेलो. नव्वदीची म्हातारी ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिचा भाऊ म्हणजे माझे आजोबा. सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं.

ती म्हणाली, "माझ्या मायनं बापूला कधी नावानं हाक मारली न्हाई. सासऱ्याचं नाव व्हतं ना पोराला ठिवलेलं! मंग ती कशी घेईल? तिचं ऐकून सगळेच बापू म्हणाया लागले."

म्हणजे बापूंचं नाव तेच पलटणवाल्याचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आमच्या घरात पुढे मोडली, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापूंचं कागदावरचं नाव राणोजी. दादा आयुष्यभर सही करत आले होते, किसन राणोजी.

घरी येऊन दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माझ्याच नावात व्हता व्हय त्यो?" आणि लहान लेकरासारखे रडले. त्या पितृपक्षात उठवत नव्हतं, तरी भिंतीला टेकून बसले आणि घास ठेवले. बापाला राणोजी, आज्याला धोंडीबा, पणज्याला पुन्हा राणोजी. शेवटचं नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं, बाहेर उभ्या असलेल्या कुणाला आत बोलवावं तसं.

पुढच्या पितृपक्षाला दादा नव्हते. मी पुण्यात बाल्कनीत गोवऱ्या पेटवल्या. धूर झाला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारही आली. किसन, राणोजी, धोंडीबा, झाली माझी तीन नावं. पलटणवाला रीतीप्रमाणं सुटला.

वावर आता चुलतभाऊ कसतो. आई गेल्यापासून गावच्या घराला कुलूप आहे आणि तिथं परत राहायला जाईन असं मला खरंच वाटत नाही. तो वापस आल्ता, मी नाही गेलो, हे सलतं. पण दरवर्षी राणोजी म्हणताना मी एकाऐवजी दोन घास ठेवतो. तेवढा वेळ मी घरी असतो.