दाजींच्या साखळ्या

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, सरकारवर विश्वास नसलेली तर रोजच भेटतात. पण रबरावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या ताईचा नवरा निघाला. गाडीचं टायर असो, बुटाचा तळवा असो की बाथरूममधली मॅट, दाजींच्या मते रबर ही ऐन वेळेला दगा देणारी वस्तू आहे आणि शहाण्या माणसाने तिच्या भरवशावर एक पाऊलही टाकू नये. तीस वर्षं त्यांनी डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासले. ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब घसरत जाते, हे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजायचं, एवढंच काम. त्यामुळे असेल, पण सगळं जग त्यांना किंचित उतारावर ठेवल्यासारखं दिसतं. आमच्याकडे जेवायला आले तरी बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात, आणि मग टेबल. ताई म्हणते, "लग्नातसुद्धा बसायच्या आधी यांनी पाट हलवून बघितला होता. भटजी म्हणाले, पक्का आहे, बसा. तरी परत एकदा हलवला."

आम्ही राहतो त्या मिशिगनमधल्या ॲन आर्बरला विद्यापीठात कुणी नवीन मराठी मुलगा किंवा मुलगी शिकायला आली की आम्ही बाकीचे त्यांना वरणभाताला बोलावतो. दाजी त्यांना बुटाला अडकवायचे काटे देतात. पुण्याहून आलेल्या एका मुलीने ते हातात घेऊन अतिशय अदबीने विचारलं, "थँक यू काका, पण हे कशासाठी असतं?" तर दाजींनी तिला गणपतीच्या आरतीतून उठवून हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि बर्फावर कसं चालायचं ते अर्धा तास चालून दाखवलं. महिना सप्टेंबरचा होता आणि ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या गाडीच्या डिकीत वाळूची चार पोती बारा महिने असतात, मागच्या चाकांवर वजन पडावं म्हणून. एकदा ताई भारतातून आली तेव्हा बॅगा डिकीत मावेनात. मधल्या वाटेने विचार करण्याची दाजींना सवय नाही. ताई एअरपोर्टपासून घरापर्यंत मांडीवर बॅग घेऊन आली आणि वाळू डिकीत आरामात आली.

असा माणूस रिटायर झाल्यावर एखादा सपाट, सिमेंटचा, सुरक्षित फ्लॅट घेईल असं कुणालाही वाटेल. दाजींनी गावापासून वीस मैलांवर पाच एकर जागा आणि टेकाडावरचं घर घेतलं. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा खडीचा उतार इतका लांब की पत्रं आणायला जाताना ताई पाण्याची बाटली घेऊन जाते. हिवाळ्यात तो उतार मोकळा करायला त्यांनी छोटा ट्रॅक्टर आणला. दाजी मूळचे सांगलीकडचे, आणि तिकडच्या कुणाही माणसाने हा ट्रॅक्टर बघितला तर हा अजून वाढीला लागलाय असं त्याला वाटावं. विकणाऱ्याने सांगितलं, चारही चाकं ओढतात, तुम्हाला दुसरं काही लागणार नाही. दाजींनी आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी तोंडच्या शब्दावर भरवसा ठेवला तो तेव्हा. पहिल्या मोठ्या बर्फात ट्रॅक्टर उतारावर आडवा फिरला आणि अगदी सावकाश, कुणाला घाई नाही अशा चालीने, खालपर्यंत घसरत गेला. जाताना त्याने आमच्या ताईची पत्रपेटी बरोबर घेतली. ताई खिडकीतून बघत होती. तिला वाटलं वळवतायत. दाजी खाली उतरले, उताराकडे बघितलं आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." कुणाला सांगितलं होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

मग बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या आल्या. पहिल्या आणल्या त्या शिडीसारख्या होत्या, आडव्या पायऱ्यांच्या. ट्रॅक्टरच्या टायरला जे जाड रबरी दात असतात त्यांच्या मधल्या खाचांत त्या पायऱ्या बरोबर जाऊन बसल्या, जणू तिथे जागा राखून ठेवली होती. बर्फाला टेकलं ते रबरच. दाजींनी त्या परत केल्या आणि जाळीसारख्या, तिरप्या विणीच्या आणल्या. त्यांतली एक साखळी मी दोन्ही हातांनी उचलली की मला आधी बसायला काहीतरी लागतं. आता प्रश्न आला, चढवायच्या कधी. बाकीचं मिशिगन हवामानाचा अंदाज बघून ठरवतं. दाजींनी दसरा ठरवला. "पाव्हणं," ते मला म्हणाले (मी त्यांचा मेहुणा, म्हणून कायमचा पाव्हणा), "फोरकास्ट बघून चेन लावणारा माणूस कायम बर्फात गुडघे टेकून चेन लावतोय. दसरा विसरत नाही, कारण त्या दिवशी श्रीखंड असतंय." दसऱ्याला शस्त्रपूजा करतात, हेच आपलं शस्त्र, असं म्हणून साखळ्या चढवायच्या, स्टिअरिंगला झेंडूची माळ घालायची, टायरना कुंकू लावायचं. आपटा इथे मिळत नाही, पण मागे रेडबडचं झाड आहे, त्याची पानं लांबून आपट्यासारखी दिसतात आणि ऑक्टोबरात पिवळीधमक होतात. तेच सोनं. आणि साखळ्या उतरवायच्या त्या गुढीपाडव्याला.

या मुहूर्ताचा आणि मिशिगनच्या हवेचा काही संबंध नाही, हे पहिल्याच वर्षी दिसलं. दसऱ्याला गवत अजून वाढत होतं. दाजींनी साखळ्या लावलेल्या ट्रॅक्टरनेच ते कापलं आणि अंगण असं झालं की त्यात भुईमूग पेरायचा तेवढा राहिला होता. ताई कपाळाला हात लावून उभी. दाजी म्हणाले, "एरेशन झालं. जमिनीत हवा खेळावी म्हणून इथं लोक मुद्दाम भोकं पाडून घेतात." दुसऱ्या एका वर्षी पाडवा झाला, साखळ्या धुऊन, तेल लावून खुंटीला गेल्या, आणि आठवड्याने फूटभर बर्फ पडला. मी फोन करून म्हटलं, दाजी, परत चढवा. ते म्हणाले, "पाडवा झाला." दोन दिवस दोघं घरात अडकून बसली. ताईची दातांची अपॉइंटमेंट कॅन्सल करावी लागली. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडून सगळं वितळलं आणि दाजींचा फोन आला, "बघितलं?"

साखळ्या चढवताना त्यांना दुसऱ्याचा हात चालत नसे. दर दसऱ्याला मी जात असे, पण माझं काम लांब उभं राहून माळ धरण्याचं. टायरवर साखळी पांघरायची, ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे घ्यायचा, खाली वाकून आधी आतला हूक लावायचा, मग बाहेरचा, मग अंगणात दहा चकरा मारून परत एकेक कडी आवळायची. ढिली राहिली तर ती चाकावरच्या पत्र्याला आपटते. चकरा मारताना ते मान तिरकी करून नुसता आवाज ऐकत. आवाज एकसारखा आला की चेहरा असा खुलायचा की त्या क्षणी त्यांच्याकडे काहीही मागावं.

आता जरा अवघड भाग सांगतो. दाजी बहात्तर वर्षांचे झाले. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात वर जाईना. त्यांची मुलगी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला असते, दहा तासांच्या ड्राइव्हवर, आणि तिला पाच वर्षांची मुलगी आहे. ताईचा जीव त्या नातीत. टेकाडावर हिवाळ्याचे पाच महिने तिला बोलायला दोघंच, एक हरणं आणि दुसरे दाजी, आणि त्यांतली हरणं निदान ऐकून घेतात असं ती म्हणते. मुलगी फोनवर सांगायची, "बाबा, धिस इज नॉट सेफ. जस्ट कम हिअर." दाजी विषय बदलायचे. दोन वर्षं असं चाललं. शेवटी एका सप्टेंबरात ताईने माझ्या देखत, जेवणाच्या टेबलावर, अट घातली. "यंदा दसऱ्याला दोन्ही चेन तुम्ही एकट्याने चढवल्यात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर पाडव्यानंतर घर विकायचं आणि लेकीकडे जायचं. हा बघायला असेल."

दाजी म्हणाले, "चालतंय."

हा म्हणजे मी. एकीकडे सख्खी बहीण आणि दुसरीकडे हे. दोघांचंही खरं होतं आणि मला रात्रभर पंच होण्याची भीती वाटत राहिली.

दसऱ्याला सकाळी पहिली साखळी चढायला चाळीस मिनिटं लागली. पूर्वी पंधरा लागायची. दुसरीचा आतला हूक लागला. बाहेरचा तीन बोटं कमी पडत होता. दाजींनी साखळी झटकून परत बसवली, ट्रॅक्टर वीतभर पुढे-मागे घेतला, डाव्या हाताने ओढून बघितलं, मग उजव्याने, आणि उजवा खांद्यापाशी आला की थांबायचा. मी समोरच्या मेपलच्या झाडाचा फार बारकाईने अभ्यास करत होतो. शेवटी ते एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले. बसण्याआधी बादली हलवून बघितली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाव्हणं, इकडं या. ही ओढा."

मी ओढली. हूक लागला, आणि तो इतका सहज लागला की माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात ताई पूजेचं तबक घेऊन बाहेर आली. तिने ट्रॅक्टरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "चढल्या?"

"दोन्ही," मी म्हटलं. "त्यांनीच चढवल्या."

दाजी फडक्याने हात पुसत राहिले. ताई "बरं" म्हणाली आणि कुंकू लावायला वाकली. तिचा चेहरा मला दिसला, आणि मी काय करून बसलो ते कळलं. दाजींना वाचवण्याच्या भरात मी माझ्या बहिणीची नात परत दहा तास लांब नेऊन ठेवली होती. जीभ चावावी असं वाटलं, पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही.

जेवायला बसलो. दाजी एरवी सहा पुऱ्या खातात. दोन खाऊन थांबले.

"शेवटचा हूक माझ्याच्यानं लागला नाही," ते म्हणाले. "पाव्हण्यांनी लावला."

ताईने माझ्याकडे बघितलं. "मग हा खोटं का बोलला?"

"त्याला मी आवडतोय म्हणून."

"आणि तुम्ही कशाला सांगितलंत? मी परत विचारलं नसतं."

दाजी वाटीतलं श्रीखंड चमच्याने एका बाजूला सारत होते. "तू तीनच टायरना कुंकू लावलंस," ते म्हणाले. "आजवर कधी एक राहिलं नव्हतं."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. पुऱ्या सगळ्या टेबलावरच होत्या, तिथे तिचं काही काम नव्हतं, पण नळ बराच वेळ चालू होता. परत आली ती श्रीखंडाचं भांडं घेऊन. दाजींच्या वाटीत मोठा डाव वाढला आणि म्हणाली, "हा हिवाळा इथेच काढू या. पाडव्याला चेन उतरली की मग बघू." तिला हवं ते तिला मिळालं होतं आणि लगेच त्यातले पाच महिने तिने काढून त्यांना दिले. आमच्या घरात एकमेकांना प्रेम वगैरे सांगण्याची पद्धत नाही. मी आणखी दोन पुऱ्या घेतल्या.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला. दाजींनी शेवटच्या दाण्यापर्यंत तो उतार साफ ठेवला. साखळी ढिली झाली की शनिवारी मला बोलावून घ्यायचे, आणि मी ओढत असताना बाजूला उभं राहून, "जरा दमानं, जरा दमानं," म्हणायचे. पाडव्याला साखळ्या त्यांनी एकट्याने उतरवल्या. उतरवायला जोर लागत नाही. घर विकलं गेलं आणि ट्रॅक्टर घराबरोबर गेला. घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांना दाजींनी दोन तास साखळ्या शिकवल्या, आणि त्यांनी कधी लावायच्या असं विचारलं तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर पुढच्या दहा वर्षांच्या दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या तारखा लिहून दिल्या. बिचारे भले होते. त्यांनी तारखांचा फोटो काढून घेतला.

आता दाजी वेस्ट विंडसरला मुलीच्या घराजवळ टाउनहाउसमध्ये राहतात. तिथे बर्फ काढायला असोसिएशनचा माणूस येतो आणि दाजी उठायच्या आत काढून जातो. नीट काढत नाही, कडा सोडतो, असं त्यांचं मत आहे. परवा सकाळी त्यांचा फोन आला. कडा सांगून झाल्या, ताईचं भिशीचं मंडळ सांगून झालं. मग म्हणाले, "रोज सकाळी नातीला बसपर्यंत सोडायला मी जातोय. काल म्हणाली, आजोबा, यू आर होल्डिंग माय हँड टू टाइट."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं, असू दे."

मला त्यांची फार आठवण येत होती, समोर फोनवर असूनही. तिकडे हवा कशी आहे, त्यांनी विचारलं. माझ्या खिडकीबाहेर पहाटेपासून बर्फ पडत होता आणि अंगणातली गाडी अर्धी झाकली गेली होती. मी म्हटलं, छान ऊन पडलंय.