भिंतीजवळचा बुडबुडा

एम.ई.च्या शेवटच्या वर्षी माझा सगळा जीव एका बुडबुड्यात अडकला होता. पंपात पाण्याचा दाब फार खाली गेला की वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि दाब वाढला की मिटतात. धातूच्या भिंतीजवळचा बुडबुडा मात्र सगळीकडून सारखा मिटत नाही. त्याची लांबची बाजू आत घुसते आणि पाण्याची सुईसारखी धार धातूवर आदळते. आमच्या नदीवरच्या मोटारीचा पंखा असाच खाल्ला जायचा. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणून हा विषय घेतला.

पाण्याचे बारीक चौकोन पाडून, त्या जाळीवर गणित करून ती धार कॉम्प्युटरवर उमटवायची होती. माझ्या गाइड सरांनी माझ्यासाठी वरच्यांशी बोलून मुदत वाढवून घेतली होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आता सोमवारपर्यंत निकाल दाखवला नाही तर विषय बंद आणि वर्ष वाया. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आणखी एक वर्ष मागायला तोंड नव्हतं.

कॉलेजातलं मोठं मशीन दुसऱ्या कामाला लागलं होतं, म्हणून सांगवीला वस्तीवर घरच्याच कॉम्प्युटरवर सिम्युलेशन लावलं. एका फेरीला अख्खी रात्र आणि दिवस लागे. दिवसा थ्री फेज, म्हणजे शेतीची वीज, आली की वस्तीवरच्या साऱ्या मोटारी ऑटोवर आपोआप उठत, व्होल्टेज बसे आणि कॉम्प्युटर बंद पडे. थांबल्या जागेवरून पुढे चालवावं तर दाबाचे आकडे तिथंच उसळत. मग परत पहिल्यापासून.

शनिवारी संध्याकाळी आबांनी, माझ्या वडलांनी, चपला घातल्या. मी मागोमाग गेले. भर उन्हाळ्यात कुणाला ऑटो बंद ठेव म्हणायचं, तेही आम्ही, स्वतः शेतकरी असून! शेजारचे तात्या अंगणात वांग्याची क्रेट रचत होते.

"तात्या, उद्याच्या दिवस मोटार बंद ठेवा. पोरीचं काम हाय."

"कसलं काम?"

"पंपाचा पंखा का खातो, ते शोधतीय."

"मोटारच बंद ठेवली तर खाईल कसा? झाला की शोध!" तात्या मोठ्यानं हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् न्हाय झालं तर?"



"वांगी माना टाकतील," काकी आतून म्हणाल्या. "टाकू द्या. पोरगी त्यांच्या आदी टाकाय लागलीया."

"बरं, बंद," तात्या म्हणाले. "पर तुमच्या उसाला बी पाणी न्हाय मग."

"आमची आधी बंद," आबा म्हणाले. असंच घरोघर फिरून झालं. सगळ्यांनी हो म्हटलं.

रविवारी थ्री फेज आली आणि एकही मोटार उठली नाही. दुपारी बुडबुडा आकसायला लागला. लांबची बाजू खळगा पडल्यासारखी आत गेली. धार सुटणार, एवढ्यात जाळीच्या एका चौकोनात पाण्याची घनता शून्याखाली गेली, जे खऱ्या पाण्यात होऊच शकत नाही. मग शेजारच्या चौकोनात. सगळा पडदा एकाच रंगाचा झाला आणि काम थांबलं. भिंतीलगतची जाळी पुरेशी बारीक नव्हती. ती बारीक करायची तर एक फेरी आठवड्यावर गेली असती.

आबा दारात उभे होते. "झालं?"

"फाटलं, आबा."

"लाईट गेलती?"

"नाही. लाईट होती."

ते पडद्याजवळ आले. "मग अजून येक दिवस इचारतो समद्यांना. न्हाय म्हणणार न्हाईत."

खरंच नाही म्हणाले नसते. तेच मला सोसेना. खिडकीतून तात्यांचं रान दिसत होतं; वांग्याची पानं चुरगळलेल्या फडक्यासारखी लोंबत होती.

"नको. मोटारी चालू करा म्हणावं," मी म्हणाले.

आबा वळले आणि बांधाबांधानं तात्यांच्या घराकडं चालू लागले. मी फोन घेतला. सरांना लिहिलं, "निकाल आला नाही. सोमवारपर्यंत येणारही नाही." पाठवून दिलं.