चौकातले बाबा

गाव सोडलं त्या सकाळी एसटी चौकात उभी होती. बॅग वर चढली, मी सीट धरली, तेवढ्यात आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाबाच्या पाया पडून ये, मंग जाय." मी उतरले. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. चबुतऱ्यावरच्या अर्धपुतळ्यासमोर मी वाकले, तेव्हा गाडीतल्या बायाबापड्यांनीही हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "शहिदाची पोरगी हाये, शिकाले चालली." शहिदाच्या मुलीने रडायचं नसतं, हे मी तिसरीत असल्यापासून शिकले होते. पण खरं सांगते, त्या पुतळ्यासमोर मला रडू येतही नव्हतं. तो चेहरा माझ्या बाबांचा नव्हता.

गावाकडच्या मंडळींनो, वाचून राग येईल तुम्हाला. येऊ द्या. पुण्यात राहून इतकी वर्षं गोड बोलले, आता दमले.

बाबा सीमेवर शहीद झाले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. भरतीच्या वेळचा एक होता, डोळ्यांवर टोपीची सावली पडलेला. मूर्तिकाराला तोच दिला. पुतळ्याच्या कमिटीतल्या कुणीतरी सुचवलं, फौजी म्हटला की मिशा पाहिजेत. झालं. माझ्या गुळगुळीत, हडकुळ्या बाबांना भरगच्च मिशा आल्या, गालही भरले. अनावरणाला कापड सरकलं, टाळ्या पडल्या, आणि माझा हात धरून उभी असलेली आई पुटपुटली, "हे कोन व्हय?"

सरपंचकाका डोळे पुसत आले. "वहिनी, कसा उतरला आमचा भाऊ?"

"बरा हाये," आई म्हणाली.

त्या दोन शब्दांत आम्ही मायलेकी आजवर कोंडलेल्या आहोत. दुसरं काय म्हणणार होती ती? रोजाने शेतं निंदायला जाणाऱ्या बायांनी वर्गणी दिली होती. रहीममिस्त्रींनी चबुतरा फुकट बांधून दिला होता. आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाला गावाने पहिल्यांदाच भर चौकात, सगळ्यांच्या वर बसवलं होतं. अशा दिवशी नाक मुरडायचं का कुणी?

मग दर पंधरा ऑगस्टला स्टेजवर दोन खुर्च्या, शाल, नारळ आणि त्या परक्या माणसाच्या गळ्यात आईच्या हातचा हार. भरतीला निघालेली पोरं त्याच्याच पाया पडतात. नवरदेव आधी तिथे थांबतात. मी पुण्यात नोकरी धरली, फ्लॅट घेतला, लग्न केलं, तरी ऑगस्ट आला की सुट्टी टाकून त्या खुर्चीत जाऊन बसते. ऑफिसात सगळे म्हणतात, किती प्राउड वाटत असेल ना! वाटतो अभिमान, बाबांचा खूप वाटतो. पण तिथे बसलं की जीव गुदमरतो.

यंदा सरपंचकाकांचा फोन आला. "बाई, आता पूर्न पुतळा बसवून राह्यलो. तुले काही बदल सांगायचा असन तं सांग."

इतक्या वर्षांनी दार उघडलं होतं. मी लगेच आईला फोन लावला. "आई, आता तरी सांग नं त्याइले."

 ती म्हणाली, "राहू दे वं बाई. गावातले लेकरं त्यालेच पाहून फौजेत गेले. आता त्याइले काय सांगू, थो चेहरा खरा नाही म्हनून? त्याइचा त्याइच्यापाशी. आपला आपल्यापाशी."

"माह्यापाशी नाही वं आई," मी म्हणाले. "मी डोळे मिटले तं मले मिशाच दिसते."

आई रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. मग हळूहळू सांगू लागली. हसले की पुढच्या दोन दातांतली फट दिसायची, म्हणून तोंडावर हात ठेवायचे. डाव्या भुवईत केस नव्हते. सुट्टीवर आले की मला खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत जायचे. मी डोळे मिटून ऐकत होते. भुवई दिसली, फट दिसली, पण चेहरा काही जुळून आला नाही.

सरपंचकाकांना मी कळवलं, तोच चेहरा ठेवा.

गावाकडे तुझं कोण आहे आता, असं इथे लोक विचारतात. आई आहे, एवढंच सांगते. गावालाही मिशाच आठवतात; माझे बाबा खरे कसे दिसायचे हे जगात तिला एकटीलाच ठाऊक आहे, आणि ती आता थकली आहे.