वाटीला लागलेल्या मुंग्या

माझ्या दुधाची परीक्षा मुंग्यांनी घेतली आणि मी नापास झाले. हे ऐकून कुणीही हसेल. आता मीही हसते. तेव्हा बारा दिवसांची बाळंतीण होते, आणि ज्याच्याबरोबर हसावं असं त्या घरात माझं कुणी नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. सोनईजवळच्या खेड्यात माझं सासर. नवरा पाटबंधारे खात्यात, नेमणूक भंडारदऱ्याला. पंधरवड्यातून एकदा यायचा, दोन दिवस राहायचा आणि धरणाच्या गार हवेचं कौतुक सांगून परत जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

सातव्या महिन्यात माझ्या लघवीत साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी उजेडात धरून दाखवली. निळं औषध तापवल्यावर विटकरी झालं होतं. "भात, गूळ, साखर बंद," त्या म्हणाल्या, "बाळंतपण झालं की बहुतेक जाईल." मी मान डोलावली. पण साखर म्हणजे काय ते मी घरातच बघितलं होतं.

माझी आई साखरेनेच गेली. आधी पायाची जखम भरेना, मग डोळे गेले. शेवगावला माझ्या माहेरी आत्या लग्न ठरवायला आल्या तेव्हा आईने चाचपडत माझा हात शोधला आणि त्यांच्या हातात दिला. खरं तर तो तिने आधी माझ्या मावशीच्याच हातात दिला होता. सगळे हसले, आईसुद्धा हसली. माझ्या लग्नानंतर वर्षही काढलं नाही तिने. त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही मला माहेरी जायला जागा नव्हती. वडील आणि भाऊ होते, पण बाळंतिणीला त्यांचा काय उपयोग.

ऐन उन्हाळ्यात मुलगी झाली. गुटगुटीत, वजनाला चांगली दणदणीत. माझी साखरही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता खुशाल अंगावर पाजा." मी पाजायला लागले. ती ओढायला लागली की माझ्या पाठीतून कळ यायची आणि पाठोपाठ एवढं बरं वाटायचं की डोळे मिटायचे. आई गेल्यापासून मला कुणी इतकं घट्ट धरलं नव्हतं. लाडू मात्र मला नव्हते. बाळंतीण मी आणि डिंकाचे लाडू पाहुण्यांना! बघायला येणाऱ्या बायका माझ्यासमोर बसून ते चवीने खायच्या आणि वर विचारायच्या, "दूध येतंय ना गं पुरेसं?"

आत्यांच्या मनात मात्र काहीतरी घोळत होतं. मी पाजायला घेतलं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. बारशाचे पाहुणे गेले त्या दुपारी त्यांनी स्टीलची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"यात थोडं पिळून दे."

"कशाला?"

"दे म्हनलं ना."

मी दिलं. ती वाटी त्यांनी परसात धुण्याच्या दगडाशेजारी ठेवली. मला वाटलं दृष्ट वगैरे काढायची असेल. ऊन कलल्यावर त्यांनी मला उठवून परसदारी नेलं. वाटीच्या काठावर लाल मुंग्यांची गर्दी झाली होती आणि भिंतीच्या फटीपासून वाटीपर्यंत त्यांची रांग लागली होती.

"बघ," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. "साखर हाय दुधात. आमच्यात लगवीला मुंग्या लागल्या की मानसाला साखर झाली म्हनत्यात. तुज्या तर दुधाला लागल्या."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या साखर गेली."

"डाक्टरला काय म्हायती? मुंग्यांना कळतंय. तुज्या आईचं तुज्यात आलं. आता या लेकरात न्हाई येऊ द्यायचं."

मी दहावी झालेली, वाद घालू शकले असते. पण आईचा तो चाचपडणारा हात माझ्या डोळ्यांपुढे आला आणि वाटलं, खरंच असलं तर? माझ्या हातानेच मी पोरीला आंधळी करायची? संध्याकाळी शेजारच्या मुलाला सोनईला पाठवून आत्यांनी डब्याची पावडर आणि बाटली मागवली. किराणा दुकानाच्या फोनवरून नवऱ्याला निरोप गेला. त्याचा उलटा निरोप आला, आई म्हणते तसं कर. धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्या माणसाला घरातलं काय थांबतंय ते कळत नव्हतं, की कळूनही त्याला गप्पच राहायचं होतं, ते मी पुढेही कधी विचारलं नाही.

दूध आटवायचं आमच्याकडे एक औषध होतं. मोगऱ्याची फुलं छातीवर ठेवायची आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधायची. परसातला मोगरा तेव्हा नुसता फुलला होता. आत्या सकाळी ओंजळभर फुलं आणायच्या आणि स्वतः बांधायच्या, हळू हातांनी. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. बाहेरच्या खोलीत पोरगी बाटली तोंडात घेईना, रडायची, आणि ती रडली की पट्टीखालून दूध यायचं. फुलं भिजायची. सगळ्या खोलीत मोगऱ्याचा आणि दुधाचा वास कोंडलेला. इतक्या वासात मी बाजेवर पडून असायचे आणि मला आई हवी असायची. दुसरं काही नको होतं. लोकांच्या लग्नात कुणी गजरा पुढे केला तर अजूनही मी तो घेते आणि शेजारणीला देते.

हळूहळू पोरगी बाटलीला सरावली, आणि मीही न भिजण्याला.

मग एके दुपारी बाटलीचं बूच नीट न लागल्याने थोडं दूध फरशीवर सांडलं. मी पुसायला फडकं घेऊन येईपर्यंत तिथे मुंग्या हजर. त्याच लाल. डब्याच्या दुधाला! मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आणि मला एकदम हसू फुटलं, वेड्यासारखं.

"आत्या, इकडं या. बघा."

त्या आल्या. खाली बघितलं.

"मुंग्याच त्या," त्या म्हणाल्या, "गोडाला येनारच."

कोपऱ्यातला झाडू घेऊन त्यांनी मुंग्या झाडायला सुरुवात केली. मध्येच झाडू थांबला. माझ्याकडे न बघता त्या क्षणभर वाकूनच राहिल्या. मग परत झाडायला लागल्या.

मी आत जाऊन दार लावलं आणि पोरीला छातीशी धरलं. तिने तोंड लावलं, दोनदा ओढलं, आणि मग माझ्याकडे अशी बघून रडली की जणू मी परक्या घरातली कुणी बाई असावी. काहीच येत नव्हतं. मी तिला आत्यांकडे दिलं. मुंग्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? गावाला मी एकच सांगत आले, दूध आटलं. बायका चुकचुकायच्या आणि मला जिरे-शतावरीचे उपाय सांगायच्या.

चाळिशी ओलांडली आणि साखर माझ्याकडे कायमची राहायला आली. नगरच्या डॉक्टरांनी सगळं विचारलं, आईचं, गरोदरपणाचं. मग विचारलं, "बाळाला किती दिवस अंगावर पाजलंत?"

"बारशापर्यंत."

त्यांनी ते लिहून घेतलं. पाजणाऱ्या बाईला पुढे साखरेचा धोका कमी राहतो असं दिसून आलंय, म्हणाले, आणि गरोदरपणात साखर निघालेल्या बाईने तर जरूर पाजावं. "पण तुम्ही पाजलं असतं तर झालीच नसती, असं कुणी सांगू शकत नाही. तुमच्या आईला होती." मला ते पटतं. कधी त्याचा आधार वाटतो आणि कधी तेच वाक्य आतून कुरतडतं. पण त्या दिवशी घरी येताना एसटीत मी रडले ते साखरेसाठी नाही. त्या दुधात माझ्यासाठीही काही होतं, एवढं कुणीतरी म्हणायला इतकी वर्षं लागली, म्हणून रडले.

यंदा माझी मुलगी बाळंतपणाला आली. तिलाही सातव्या महिन्यात साखर निघाली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आई, मी पाजू ना?"

"पाज. भरपूर पाज. बाळासाठी पाज आणि तुझ्यासाठीही."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि सहज विचारलं, "मग तू मला किती पाजलंस?"

शेजारच्या खाटेवर आत्या पडल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय. कान बरे नाहीत असं आम्ही समजतो.

"थोडे दिवस," मी म्हणाले, "मग दूध आटलं."

"खोटं बोलती ती," खाटेवरून आवाज आला. "लई दूध हुतं तिला. म्या बांधून टाकलं. मुंग्या बघून."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बाळ चुटूचुटू ओढत होतं. आत्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं, आणि ठेवू नये असंही वाटलं. मी ठेवला नाही.

"च्या टाक गं," जरा वेळाने त्या म्हणाल्या.

आत्यांनी पाच लेकरं पाजली, प्रत्येकाला दोन-अडीच वर्षं. त्यांना साखर कधी झाली नाही. एकट्या बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय. मी उठून चहा टाकला. त्यांच्या कपात दोन चमचे साखर घातली. माझ्या कपात काहीच नाही.